खारवट जमिनींत पिकास आधार कसा द्यावा

पाटाचें पाणी आलें म्हणजे गांवाचें दैन्य गेलें, असें आपल्याकडील बागाईतदार फार दिवस मानीत आला, आणि पुष्कळ अंशीं तें खरेंहि आहे. परंतु कृष्णा, नीरा, प्रवरा व गोदावरी या नद्यांच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांस या पाण्याचें दुसरें अंगहि आतां चांगलें ठाऊक झालें आहे. ज्या मळ्यांत एके काळीं उसाच्या फडांत शिरलेला माणूस दिसत नसे, तेथें आज उन्हाळ्यांत मिठाचा पांढरा पापुद्रा चढतो, उसाची उगवण तुटक तुटक होते आणि पुढें पुढें लव्हाळ्याशिवाय कांहीं उरत नाहीं. सातबारा तोच, धनी तोच, सोसायटीचें कर्जहि तेंच. पीक मात्र निघून गेलेलें असतें.

अशा जमिनीच्या मालकाचा प्रश्न बहुधा एकच असतो : "या जमिनींत येईल असें एकादें पीक सांगा, नाहीं तर पिकावर मारावयाचें एकादें औषध सांगा." या प्रश्नास उत्तर आहे, पण तें दोन भागांचें आहे आणि दोन्ही भाग ऐकून घेतल्यावांचून त्याचा उपयोग नाहीं. पिकास खार सोसण्याचें बळ देतां येतें काय ? होय, वाटतें त्याहून बरेंच देतां येतें. तेवढ्यानें जमीन वांचते काय ? नाहीं. पिकास दिलेलें बळ हें उसनें बळ आहे. त्याच्या जोरावर दोन-चार हंगाम निभावून नेतां येतात, आणि तेवढ्या अवधींत खरें काम उरकावें लागतें. तें खरें काम कोणतें हें आम्ही शेवटीं सांगूं. तत्पूर्वीं पिकाचा विचार करूं.

रोगाची ओळख

ज्या जमिनीस लोक सरसकट "क्षारपड" म्हणतात तींत दोन निरनिराळे रोग असतात. पहिली खारवट जमीन. हींत पाण्यांत विरघळणारे क्षार, म्हणजे साधें मीठ, सोडियम व मॅग्नेशियम यांचे सल्फेट वगैरे, प्रमाणाबाहेर सांठलेले असतात. ओल उडून गेली कीं ते वर पांढरे फुटतात. माती मात्र भुसभुशीत राहते व पाणी तींत मुरतें. दुसरी चोपण जमीन. हींत मोकळें मीठ कदाचित् थोडेंच असेल, पण मातीच्या कणांस सोडियम चिकटून बसलेला असतो. ती ओली असतां साबणासारखी बुळबुळीत होते, वाळली म्हणजे दगडासारखीं ढेकळें पडतात, आणि दिलेलें पाणी गढूळ होऊन दिवसच्या दिवस वर उभें राहतें. अशा जमिनीस वाफसा असा येतच नाहीं. आज चिखल, उद्यां खडक. कित्येक शेतांत दोन्ही रोग एकत्र नांदतात.

घरच्या घरीं थोडी पारख करतां येते. स्वच्छ कांचेच्या बाटलींत मूठभर माती घालून वर पावसाचें किंवा दुसरें गोडें पाणी भरावें, चांगलें हलवावें व बाटली रात्रभर ठेवावी. खारवट माती तळाशीं बसून वरचें पाणी नितळ होतें. चोपण मातीचें पाणी दुसऱ्या दिवशींहि गढूळच राहतें. ही पारख प्रयोगशाळेची जागा घेऊं शकत नाहीं, परंतु कोणत्या दिशेनें पाहावयाचें हें तीवरून कळतें. प्रयोगशाळेंत खारवटपणा विद्युद्वाहकतेनें मोजतात व चोपणपणा सामू आणि सोडियमचा वांटा यांवरून ठरवितात. संपृक्त मातीच्या अर्काची वाहकता ४ डेसिसायमनच्या वर गेली कीं जमीन खारवट, सामू ८.५ च्या वर आणि कणांस चिकटलेल्या सोडियमचा वांटा शेंकडा १५ च्या वर गेला कीं ती चोपण, अशी सामान्य विभागणी आहे.

हा भेद पाहण्याचें कारण उघड आहे. चोपण जमिनीस जिप्सम लागतें. नुसत्या खारवट जमिनींत जिप्समवर केलेला खर्च पाण्यांत जातो. खारवट जमीन गोड्या पाण्यानें धुऊन निघते. चोपण जमीन नुसत्या पाण्यानें धुऊं गेल्यास आणखी चिकट होते. रोग न ओळखतां केलेला उपाय हा बहुधा दुसरा रोगच ठरतो.

मीठ पिकास कसें मारतें

मीठ पिकास दोन तऱ्हांनीं छळतें. पहिली तऱ्हा तहानेची. मुळाच्या आंतील रसापेक्षां बाहेरचें पाणी खारें होत गेलें म्हणजे मुळास तें ओढून घेणें जड जातें. जमीन ओली दिसते, पण पीक दुपारीं माना टाकतें, पानें लहान, जाड व गर्द निळसर-हिरवीं होतात, वाढ खुंटते. शेतकरी हें पाहून पीक तहानलें असें समजतो व पुन्हां पाणी सोडतो. तें पाणी निचरलें नाहीं तर दुखणें वाढतें.

दुसरी तऱ्हा विषाची. सोडियम व क्लोराइड मुळांतून शिरून पानांत सांठतात. जुन्या पानांचीं टोकें व कडा प्रथम करपतात, मग पान गळतें. सोडियम हा पालाशाची जागा बळकावतो, त्यामुळें जमिनींत पालाश असूनहि पीक उपाशी राहतें.

वनस्पति यावर स्वस्थ बसत नाहीं. कांहीं जाती मुळाशींच सोडियम अडवितात. कांहीं तो जुन्या पानांत किंवा पेशींच्या आंतील कोठारांत कोंडून ठेवतात. कांहीं आपल्या रसांत शर्करेसारखीं द्रव्यें तयार करून पाणी धरून ठेवतात. पण या प्रत्येक युक्तीस शक्ति लागते, आणि ती शक्ति दाण्याच्या, रसाच्या व वाढीच्या वांट्यांतून जाते. म्हणून खार सोसणें कोणत्याहि पिकास फुकट पडत नाहीं. आपल्या हातीं जें आहे तें हें कीं, पिकाचा हा खर्च शक्य तितका कमी करावा.

कोणतें पीक किती सोसतें

१९७७ सालीं अमेरिकेंतील मास व हॉफमन या शास्त्रज्ञांनीं पुष्कळ पिकांवरील प्रयोग एकत्र करून प्रत्येक पिकाची एक मर्यादा ठरविली. त्या मर्यादेपर्यंत उत्पन्नास धक्का लागत नाहीं. पुढें दर एककामागें ठराविक घट येते. वर सांगितलेल्या डेसिसायमनच्या मापांत या मर्यादा अशा आहेत : जव ८.०, कापूस ७.७, ज्वारी ६.८, गहू ६.०, सोयाबीन ५.०, भुईमूग ३.२, भात ३.०, ऊस व मका १.७, द्राक्ष १.५, कांदा १.२, घेवडा १.०.

समजा, एका शेताचा आंकडा ६ आहे. तेथें कापूस, ज्वारी व गहू यांस फारसा धक्का नाहीं. सोयाबीनमध्यें सुमारें पांचवा हिस्सा, उसांत पाव हिस्सा व भातांत तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक घट येईल. मका निम्म्यावर येईल. कांदा पाऊण हिश्श्याहून अधिक बुडेल. भुईमूग शेंकडा ८० जाईल.

या आंकड्यांत एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. उसाची मर्यादा अवघी १.७ आहे, म्हणजे ऊस नाजुक पिकांतच मोडतो. परंतु त्याची घट सावकाश होते. भुईमूग दोन हंगामांत बुडून शेतकऱ्यास जागें करतो. ऊस यंदां दोन टन, पुढच्या वर्षीं आणखी तीन टन असा उतरत जातो, आणि शेतकरी त्याचा दोष बेण्यास, खतास व हवेस देत राहतो. गुऱ्हाळावर गूळ खारट लागूं लागला व लवकर पाझरूं लागला म्हणजे मग शंका येते; तोंपर्यंत जमीन हातची गेलेली असते.

हे आंकडे वापरतांना दोन सावधगिऱ्या ठेवाव्या. एक, आपल्याकडील पुष्कळ माती-तपासणी अहवालांत वाहकता ही एक भाग माती व अडीच भाग पाणी अशा पातळ मिश्रणाची दिलेली असते. काळ्या जमिनींत तो आंकडा संपृक्त अर्काच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकाच भरतो. अहवालांत १.५ पाहून निश्चिंत होणाऱ्याची जमीन वरच्या मापानें ५ च्या घरांतहि असूं शकते. कोणत्या पद्धतीनें मोजलें हें तपासनिसास विचारल्याशिवाय आंकडा घरीं आणूं नये. दुसरी, या मर्यादा जम बसलेल्या पिकाच्या आहेत. बीटसाखरेचें पीक मोठेपणीं ७ पर्यंत निभावतें, पण त्याचें बीं उगवतांना ३ सुद्धां सोसत नाहीं. पिकाचें बाळपण हाच खरा घात-काल.

कोवळें वय सांभाळणें

यावरून पहिला नियम निघतो : बीं व रोप यांच्या भोंवतीं, निदान पहिले तीन-चार आठवडे, मीठ येऊं देऊं नये. सबंध शेत गोडें करणें कठीण असेल, पण मुळाजवळची वीतभर जागा गोडी ठेवणें शेतकऱ्याच्या हातचें आहे.

सरी-वरंब्यांत पाणी दोन्हीं बाजूंनीं चढतें व मीठ आपल्याबरोबर नेऊन वरंब्याच्या माथ्यावर टाकतें. अर्थात् माथ्यावर पेरलेलें बीं हें मिठाच्या ढिगांतच पेरलेलें असतें. खारवट जमिनींत बीं नेहमीं वरंब्याच्या कुशीस, पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर लावावें. एकाआड एक सरी भिजविल्यास मीठ कोरड्या बाजूस सरकतें. तेव्हां ओल्या सरीच्या बाजूनें लागण करावी. पेरणीपूर्वीं एक भरपूर पाणी देऊन वरचें मीठ खालीं ढकलावें व वाफसा येतांच पेरावें. पेरणीच्या आधीं वरचा पांढरा पापुद्रा नांगरून मातींत मिसळण्यापेक्षां खरडून शेताबाहेर नेणें बरें. बियाण्याचें प्रमाण नेहमींपेक्षां थोडें वाढवावें, कारण कांहीं उगवण जाणार हें धरूनच चाललें पाहिजे.

भातशेतींत तर ही विद्या आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कोंकणच्या खार जमिनींत व गोव्याच्या खाजणांत शेतकरी पहिल्या पावसास हात लावीत नाहीं. जून महिन्याच्या सरी मीठ धुऊन नेतात, मग लावणी होते. केरळांतील पोक्कळी शेतीची रीत याहूनहि कौतुकाची आहे. तेथें उन्हाळ्यांत शेतांत मातीचे लहान लहान उंचवटे करून ठेवतात. पाऊस पडूं लागला कीं उंचवट्यांतील मीठ आधीं निथळून जातें. त्यांवर मोड आलेलें बीं टाकतात. आणि महिनाभरानें रोपें सशक्त झालीं व शेतांतील पाणी गोडें झालें म्हणजे उंचवटे फोडून रोपें सभोंवार पसरतात. लावणीच्या भातासाठीं कर्नाळ येथील केंद्रीय संस्थेची शिफारसहि याच तत्त्वाची आहे : खारवट-चोपण जमिनींत कोवळें रोप लावूं नये; तीस-पस्तीस दिवसांचें जून रोप लावावें व एका चुडांत तीन-चार काड्या घ्याव्या. दुसरा नाजुक काल फुलोऱ्याचा. त्या वेळीं खाचरांत गोडें पाणी राहील अशी तजवीज ठेवावी.

पाण्याची रीत

खारवट जमिनींत पिकास तहान लागूं देऊं नये आणि बुडवूंहि नये. पाळी लांबली कीं ओल उडते, मीठ दाट होतें व मुळास दुप्पट तहान लागते. म्हणून पाणी थोडें व वारंवार द्यावें. या कामीं ठिबकासारखें साधन नाहीं : ठिबकानें मुळाभोंवतीं ओला व गोडा गोळा राहतो व मीठ त्या गोळ्याच्या कडेस ढकललें जातें. पण त्यांत एक धोका आहे. मध्येंच हलका पाऊस पडला तर कडेचें मीठ पुन्हां मुळांशीं उतरतें. म्हणून अशा पावसांत ठिबक बंद न करतां चालूंच ठेवावें. विहिरीचें पाणी खारें असल्यास तुषार पद्धतीनें पानांवर उडवूं नये. पानें तें थेट शोषतात व करपतात. गोडें पाणी थोडें व खारें पुष्कळ असेल तर गोडें पाणी उगवणीच्या वेळेस राखावें व खारें पुढें जुन्या पिकास द्यावें.

उसाचें पाचट जाळूं नये. खोडव्यांत तें सरींत पसरलें म्हणजे बाष्पीभवन घटतें, आणि बाष्पीभवन घटलें म्हणजे मीठ वर चढण्याचें थांबतें. पाचट जाळणारा शेतकरी मिठास वर येण्याची वाटच मोकळी करून देतो.

खताचा आधार

खारवट जमिनींतील पिकाचा मोठा मित्र चुना-तत्त्व, म्हणजे कॅल्शियम. १९६९ सालीं लाहे व एप्स्टाइन यांनीं घेवड्यावर प्रयोग करून दाखविलें कीं, खाऱ्या द्रावणांत कॅल्शियम पुरेसा असेल तर घेवड्यासारखें नाजुक पीकहि तग धरतें व सोडियम पानांपर्यंत पोंचत नाहीं. कॅल्शियम मुळाचें द्वार राखतो. चोपण जमिनींत तो जिप्समच्या रूपानें द्यावा. जिप्सममधील कॅल्शियम कणांवरील सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खालीं जातो. किती जिप्सम हें मातीच्या तपासणीनें ठरवावें. शेजाऱ्यानें घातलें तितकें घालूं नये. आपल्या काळ्या जमिनींत चुनखडी पुष्कळ असते, पण ती विरघळत नाहीं. अशा ठिकाणीं गंधक घातल्यास मातींतील जंतु त्याचें आम्ल करतात व तें आम्ल चुनखडी विरघळवून घरचाच कॅल्शियम मोकळा करतें. शेणखत, कारखान्याची मळी व ताग-धैंचाचें हिरवळीचें खत हींहि हेंच काम हळूहळू करतात व माती मोकळी करतात. त्यांत धैंचा स्वतः खार व पाणी दोन्ही सोसतो, म्हणून सुधारणेच्या पहिल्या वर्षीं त्याच्यासारखें पीक नाहीं.

चोपण जमिनींत नत्र पुष्कळ उडून जातें. तेथें शिफारशीपेक्षां सुमारें पाव हिस्सा नत्र अधिक व तें अनेक हप्त्यांनीं द्यावें. भातास हेक्टरीं २५ किलो झिंक सल्फेट द्यावें. पालाश द्यावयाचा तर क्लोराइडच्या रूपांतील खत टाळून सल्फेटच्या रूपांतील घ्यावें. मीठ काढावयास निघालेल्यानें मीठच विकत आणूं नये.

वाण व खुंट

निसर्गानें कांहीं जातींस हें बळ जन्मतःच दिलें आहे. कोंकणांतील काळा रता व भुरा रता, गोव्यांतील कोरगुट, केरळांतील पोक्कळी हीं भातें, व राजस्थानच्या पाली भागांतील खारचिया गहू हीं तेथील शेतकऱ्यांनींच निवडून राखलेलीं आहेत. पुढील सुधारलेले वाण यांच्याच पोटीं आले. खारचियापासून कर्नाळ येथें के. आर. एल. मालिकेंतील गहू निघाले, तेथील सी. एस. आर. मालिकेंतील भातें व पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचीं पनवेल १, २ व ३ हीं भातें शेतकऱ्यांच्या परिचयाचीं आहेत. उसांत को. एम. ०२६५, म्हणजे फुले २६५, हा वाण खारवट जमिनींत इतरांपेक्षां बरा उतरतो. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं एका प्राचीन गव्हांतील सोडियम अडविणारें जनुक संकरानें कठीण गव्हांत आणलें. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत खारवट शेतांतील उत्पन्न शेंकडा २५ पर्यंत वाढलेलें आढळलें.

फळबागांत वाण बदलण्याऐवजीं मूळ बदलतां येतें. आपल्या द्राक्ष-बागाईतदारांनीं ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून दाखविली आहे. स्वतःच्या मुळावर वाढणारी वेल खाऱ्या पाण्यानें पानें करपून बसूं लागली, तेव्हां डॉगरिज या रानटी जातीच्या खुंटावर कलम करण्याची रीत पडली. आज नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांत ती सर्रास आहे. वर द्राक्ष तेंच, खालीं मूळ मात्र कणखर.

तथापि वाणाकडून अवास्तव अपेक्षा करूं नये. पोक्कळीच्या अंगांतील जी प्रसिद्ध शक्ति शास्त्रज्ञांनीं तिच्या पहिल्या गुणसूत्रावर शोधून काढली, ती मुख्यतः रोपाच्या वयांत उपयोगी पडते. फुलोऱ्याचें रक्षण तेवढ्यानें होत नाहीं. सोशिक वाण घट कमी करतो; मीठ कमी करीत नाहीं.

बाटलींतील औषधें

"क्षार मारणारें" किंवा "खार पळविणारें" म्हणून कांहीं द्रवपदार्थ बाजारांत विकले जातात. त्यांविषयीं स्पष्ट लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. मीठ हा जीव नव्हे. तें मारतां येत नाहीं. तें जाळतांहि येत नाहीं. तें एका जागेवरून दुसऱ्या जागीं जाऊं शकतें, एवढेंच. बाटलींत कॅल्शियम किंवा ह्युमिक आम्ल असेल तर त्याचा थोडा उपयोग होईल. पण एकरीं एक-दोन लिटर द्रवानें कित्येक टन मिठाची विल्हेवाट लागेल ही गोष्ट साध्या हिशेबांत बसत नाहीं. तो हिशेब आतां मांडूं.

उसनें बळ व खरें काम

एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें १,०३,००० लिटर. पाणी अगदीं बरें, म्हणजे ०.५ डेसिसायमनचें धरलें, तरी एका लिटरांत सुमारें ३२० मिलिग्रॅम क्षार असतात. म्हणजे दर इंचामागें एकरांत सुमारें ३३ किलो क्षार येतात. उसास मोकाट पाण्यानें शंभर इंच पाणी दिलें तर एका पिकांत तीन टनांहून अधिक क्षार शेतांत आले. विहिरीचें पाणी १ डेसिसायमनचें असेल तर साडेसहा टन. ऊस पाणी पिऊन घेतो. मीठ मागें ठेवतो. कोंकणांत अडीच हजार मिलिमीटर पाऊस तें धुऊन नेतो. बारामतीकडे पाऊस पांचशें मिलिमीटरच्या आसपास, तेथें धुणार कोण?

त्यांत भूजल वर आलें म्हणजे दुष्काळांत तेरावा महिना. पाण्याची पातळी जमिनीपासून दीड मीटरच्या, म्हणजे सुमारें पांच फुटांच्या, आंत आली कीं दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें पाणी वर चढतें, उडून जातें व मीठ ठेवून जातें. हें आपणांस नवीन नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि १९१० सालीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यास नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. ती हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांनीं लिहिली. एक पिढी उलटते न उलटते तोंच पाण्यानें आपली दुसरी बाजू दाखविली होती. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें गेलीं. कारणें माहीत आहेत, उपायहि माहीत आहेत.

उपाय एकच : मिठास शेताबाहेर जाण्यास वाट पाहिजे. ती वाट म्हणजे चर. उघडा चर खोदावा, किंवा जागा वांचविण्यासाठीं छिद्रें पाडलेल्या नळ्या गाळणीचें आवरण देऊन तीन ते पांच फूट खोल पुराव्या. दोन नळ्यांतील अंतर मातीच्या जातीवरून ठरवावें. चर झाल्यावर पाणी भरून जमीन धुवावी. सामान्य जमिनींत जितक्या खोलीची माती धुवावयाची तितक्या उंचीचें पाणी तींतून गेलें तर शेंकडा ८० च्या आसपास मीठ निघून जातें. काळ्या जमिनींत वेळ अधिक लागतो, आणि एकदम पाणी कोंडण्यापेक्षां थांबून थांबून दिलेलें पाणी अधिक काम करतें. चोपण असेल तर आधीं जिप्सम, मग धुणें. चर नसतां धुणें म्हणजे मीठ दोन फूट खालीं लपविणें. पुढच्या उन्हाळ्यांत तें पुन्हां वर येतें.

परंतु चर हा एकट्याच्या बांधांत संपत नाहीं, आणि खरी अडचण येथेंच आहे. माझ्या शेतांतील चराचें पाणी शेजाऱ्याच्या शेतांतून ओढ्यास गेलें पाहिजे. शेजाऱ्याची जमीन आज चांगली असेल तर तो वाट देण्यास नाखूष असतो. पण भूजलास बांध कळत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पाळी चुकेल या भीतीनें रात्रभर सोडलेलें पाणी हेंच चार वर्षांनीं खालच्या शेतकऱ्याचें मीठ होतें, आणि खालची जमीन भरली कीं तेंच पाणी वर सरकूं लागतें. शिरोळ तालुक्यांत शेतकऱ्यांनीं सहकारानें एकत्र येऊन सबंध पट्ट्याचे भूमिगत चर केले, तेव्हां पडीक जमिनींत पुन्हां ऊस उभा राहिला. जें काम एकट्याच्या पैशानें व एकट्याच्या परवानगीनें होत नाहीं, तें करण्यासाठींच शेतकऱ्यांच्या संस्था असतात. मुख्य चराची वाट नकाशावर आंखणें, खर्च क्षेत्राच्या मानानें वांटून घेणें, व दरसाल गाळ काढण्याची जबाबदारी ठरविणें, हीं तीन कामें झालीं तर नळ्या पुरणें हें त्यामानानें सोपें आहे.

ज्यांच्या जमिनी अद्याप चांगल्या आहेत त्यांनीं एक लहानसें काम यंदांच करावें. शेताच्या सखल कोपऱ्यांत सहा फूट खोल भोंक पाडून त्यांत छिद्रें पाडलेली नळी उभी करावी, आणि दर पंधरवड्यास दोरीस वजन बांधून पाणी किती खालीं आहे हें मोजून वहींत लिहावें. पातळी पांच फुटांच्या वर येऊं लागली कीं पांढरा पापुद्रा दिसण्याची वाट पाहूं नये. त्याच वर्षीं पाणी कमी करावें, उसाखालील कांहीं क्षेत्र गहू किंवा ज्वारीस द्यावें, व शेजाऱ्यांस बोलावून चराची गोष्ट काढावी.

ज्यांच्या जमिनींत मीठ दिसूं लागलें आहे त्यांनीं वर सांगितलेल्या युक्त्या अवश्य कराव्या : बीं कुशीस लावावें, पाचट राखावें, सोशिक पीक घ्यावें, कॅल्शियम द्यावा. या युक्त्यांनीं घरांत दाणा येईल व हप्ता फिटेल. पण ते हंगाम चराच्या खोदाईसाठीं मिळालेली मुदत आहेत हें विसरूं नये. मुदत संपण्यापूर्वीं मिठास वाट करून दिली तर जमीन परत येते. न दिली तर आज गहू सोसणारी जमीन उद्यां जवहि सोसणार नाहीं.